रंगाची जबाबदारी
(प्रस्तावना)

येवल्याच्या पैठणीचा कॅटलॉग, द्राक्षांच्या खोक्यावरचं लेबल, महाविद्यालयाची स्मरणिका, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, गौरवग्रंथातली रंगीत पानं, देवस्थानाची माहितीपुस्तिका. नाशिक जिल्ह्यातल्या छायाचित्रकाराकडे वर्षभरात यांतलं काही ना काही येतंच. फोटो मनासारखे होतात, पडद्यावर सगळ्यांना आवडतात, आणि छापून आल्यावर वाद सुरू होतो. जांभळा निळसर झालेला असतो, काळा दगड तपकिरी दिसतो, चेहऱ्यांवर लाली चढलेली असते. छायाचित्रकार छापखान्याकडे बोट दाखवतो, छापखाना फाइलकडे, मांडणी करणारा कागदाकडे. कागद तर बोलत नाही, म्हणून दोष बहुधा त्याच्याच नावावर पडतो आणि पुढच्या कामात तेच पुन्हा घडतं.

हे पुस्तक या वादावर लिहिलं आहे आणि त्यातली माझी बाजू पहिल्याच पानावर सांगायला हवी. फोटो काढणाऱ्याने रंगाची जबाबदारी प्रूफावर सही होईपर्यंत सोडू नये, असं मला वाटतं. छापखान्याचं काम छापखान्यानेच करायचं आहे. पण ती वस्तू, तो चेहरा, तो उजेड प्रत्यक्ष पाहिलेला या साखळीतला एकमेव माणूस छायाचित्रकार असतो. खरा रंग कसा होता याची साक्ष फक्त तोच देऊ शकतो. त्याने फाइल पाठवून हात झटकले, की पुढचे सगळे अंदाजावर काम करतात.

फिल्मच्या काळात हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. छायाचित्रकार पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, छापखान्याच्या हाती देत असे. तिथला स्कॅनर चालवणारा अनुभवी माणूस तिचं रंगविभाजन करी. आपल्या मशीनवर कोणता कागद चालतो, शाई किती पसरते, हे त्याला ठाऊक असे. प्रूफ निघालं की ते आणि स्लाइड एकाच लाइट टेबलावर शेजारी ठेवून ताडून पाहता येई. मूळ आणि नक्कल दोन्ही वस्तू होत्या. आता मूळ म्हणून जे असतं, ते म्हणजे आकड्यांची एक फाइल. ती माझ्या पडद्यावर एक रंग दाखवते, ग्राहकाच्या मोबाइलवर दुसरा आणि छापखान्यातल्या जुन्या मॉनिटरवर तिसरा. ताडून पाहायला मूळ वस्तूच उरलेली नाही. शिवाय रंगविभाजनाचं काम त्या अनुभवी माणसाकडून सरकून छायाचित्रकाराच्या लॅपटॉपवर आलं आहे. ‘सीएमवायके’, म्हणजे छपाईच्या चार शाया, असा पर्याय निवडून एक बटण दाबलं की ते होतं. पूर्वी ज्याला वर्षानुवर्षांची उमेदवारी लागे, ते एका क्षणात उरकतं, आणि म्हणूनच ते कुणी केलं, कोणत्या कागदासाठी केलं, हे विचारायचं राहून जातं.

कॅमेरा आणि छापखाना एकाच माणसाच्या हाती असणं नाशिकला नवं नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव इतकं मोठं आहे की त्याआधीचा छपाईतला फाळके झाकला गेला. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते शिकले, फोटोग्राफी आत्मसात केली, रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक करण्याची विद्या मिळवली. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय मांडला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, त्याच्याशीही त्यांचा संबंध आला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणि तंत्र यांसाठी 1909 साली ते जर्मनीला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला तो या सगळ्यानंतर. त्याच वर्षी त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आणला. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं.

रविवर्मा प्रेसच्या शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. चित्र समोर ठेवून कोणत्या दगडावर काय उमटवायचं हे कारागीर आपल्या नजरेने ठरवी. एका चित्राला अनेक दगड लागत. तीन रंगांच्या ब्लॉकने हे काम भिंगाकडे सोपवलं. एकाच चित्राचे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन निगेटिव्ह घ्यायचे. लाल काचेतल्या निगेटिव्हवरून सायन शाईचा ब्लॉक, हिरव्यावरून मॅजेंटाचा, निळ्यावरून पिवळ्याचा. तिघांचे बारीक टिंब कागदावर एकमेकांशेजारी आणि एकमेकांवर बसले की डोळ्याला सगळे रंग दिसतात. पुढे सावलीला खोली यावी म्हणून चौथी, काळी शाई कायमची जोडीला आली. आज संगणक जे करतो ते तत्त्वतः हेच आहे. फरक इतकाच की फाळक्यांच्या पिढीतल्या माणसाला काच बदलताना, ब्लॉक खोदताना, पहिला ठसा पाहताना प्रत्येक टप्प्यावर रंग डोळ्यांसमोर दिसत होता. आपल्याला तो दिसत नाही. तो पुन्हा दिसावा, एवढ्यासाठी रंगव्यवस्थापन नावाची सगळी खटपट आहे.

रंग कायम राखण्याचा आणखी कडक धडा नाशिक रोडला मिळतो. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 साली तिथे उभा राहिला. तोवर भारताची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत होती. शेजारचा करन्सी नोट प्रेस 1928 चा. स्वातंत्र्यानंतर पहिल्या वर्धापनदिनी, 15 ऑगस्ट 1948 रोजी, निघालेली गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापली गेली, कारण छायाचित्रातल्या कोवळ्या छटा त्या पद्धतीत उत्तम उतरतात. चारच वर्षांत, 1 ऑक्टोबर 1952 रोजी, कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटं याच पद्धतीने नाशिकला छापून निघाली.

नोटेचं तर रंग हेच अंग आहे. रिझर्व्ह बँक नवी नोट जाहीर करते तेव्हा तिचा रंगही जाहीर करते. शंभराची लव्हेंडर, दोनशेची झळाळती पिवळी, पाचशेची दगडी राखाडी. नोट कोट्यवधींच्या संख्येत छापली तरी दोन नोटांत रंगाचा फरक पडून चालत नाही. त्यासाठी नोटेच्या छपाईत फोटोसारखं चार शायांच्या टिंबांवर विसंबत नाहीत, ठरलेल्या रंगाची शाईच स्वतंत्र तयार करतात. आपल्या पुस्तिकांच्या कामातही संस्थेच्या बोधचिन्हाचा रंग दर वेळी अचूक हवा असेल, तर पाचवी स्वतंत्र शाई घेणं हाच खात्रीचा मार्ग असतो. फोटोसाठी मात्र ते शक्य नाही. फोटोत हजारो रंग असतात आणि ते चारच शायांतून उभे करायचे असतात.

अडचणीचं मूळ इथेच आहे. पडदा उजेड टाकतो. लाल, हिरवा, निळा प्रकाश मिळत जातो तसतसा रंग उजळत पांढऱ्याकडे जातो. कागद स्वतः उजेड टाकत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला परत येतो. शाई वाढली की रंग गडद होत जातो. उजळात उजळ रंग म्हणजे कोरा कागद, त्यापलीकडे जाता येत नाही. त्यामुळे पडद्यावर दिसणारे काही रंग शाईत निघतच नाहीत. झगझगीत भगवा, निऑनसारखा हिरवा, गर्द निळा-जांभळा हे त्यांतले ठळक. उलट, चांगल्या आर्ट पेपरवरचे काही हिरवट-निळे रंग असे आहेत की साध्या ‘एसआरजीबी’ पडद्याच्या आवाक्यात ते बसत नाहीत. दोन आवाके एकमेकांवर ठेवले तर बराच भाग सामाईक असतो, पण दोघांच्याही कडा बाहेर डोकावतात.

पैठणी या दृष्टीने छायाचित्रकाराची खरी परीक्षा घेते. मोरपंखी रंग नेमका त्या हिरवट-निळ्या कडेवरचा. फोटो एसआरजीबीमध्ये काढला, तर शाईला जो मोरपंखी देता आला असता तोही आपण सुरुवातीलाच कापून टाकतो. म्हणून मी रॉ फाइल आणि ‘अडोबी आरजीबी’सारख्या रुंद आवाक्याचा आग्रह धरतो. धूप-छाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. पदर हलला की रंग पालटतो. सपाट अंथरलेल्या साडीचा एक फोटो हे सांगूच शकत नाही. चुण्या पाडून, उजेडाची दिशा ठरवून, दोन्ही रंग एकाच चौकटीत दिसतील असा फोटो घ्यावा लागतो. जरीची गोष्ट आणखी वेगळी. चार शायांत धातूची चकाकी नाही. डोळा सोनं ओळखतो तो पांढऱ्याजवळची चमक, मधला पिवळा आणि सावलीतला तपकिरी यांच्या झटकन होणाऱ्या बदलावरून. सगळीकडून मऊ उजेड सोडला की हा बदल पुसला जातो आणि काठ मोहरीच्या रंगाचा दिसतो. इथे छपाईत काहीही दुरुस्त होत नाही. जरीचं सोनं दिवा लावतानाच मिळवावं लागतं. रंगव्यवस्थापन संगणकापाशी सुरू होतं असं मानणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तीन रंगांच्या काचांतून घेतलेले फोटो एकावर एक प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखवली. तो फोटो स्कॉटिश टार्टनच्या विणलेल्या फितीचा होता. रंगीत छायाचित्रणाची सुरुवात विणलेल्या कापडापासून झाली, ही गोष्ट येवल्याचं काम करणाऱ्याला बळ देणारी आहे. ज्या अडचणीशी आपण झगडतो, ती या कलेच्या जन्मापासूनची आहे.

पैठणीच्या विरुद्ध दुसरं टोक म्हणजे नाशिकचं काळाराम मंदिर. तिथे भडक रंगाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे रंग नसण्याचा. काळा पाषाण निव्वळ राखाडी दिसावा, त्यात निळी किंवा तांबूस झाक येऊ नये. आणि हेच चार शायांत सर्वांत नाजूक आहे. आर्ट पेपरवर मधला राखाडी सायन 50, मॅजेंटा 40, पिवळा 40 टक्के अशा तोलावर उभा असतो. मशीनवर मॅजेंटा किंचित वाढला की अख्खं मंदिर तपकिरी होतं. उपाय असा की राखाडीतला तिन्ही रंगांचा वाटा कमी करून ते काम काळ्या शाईकडे द्यायचं. एकटी काळी शाई थोडी कमी-जास्त झाली तरी दगड फिकट किंवा गडद होईल, रंग बदलणार नाही. सावलीचीही मर्यादा सांभाळावी लागते. चारही शाया मिळून आर्ट पेपरवर साधारण 300 ते 330 टक्के आणि वृत्तपत्राच्या कागदावर 240 टक्क्यांच्या आत राहाव्या लागतात. जास्त झाल्या की शाई वाळत नाही आणि एका पानाची छाप दुसऱ्याच्या पाठीवर उमटते. श्रावण-भाद्रपदातल्या दमट हवेत हा धोका वाढतो. कागद ओल धरून फुगतो, चार रंगांचं रजिस्टर सरकतं, कोरीव कामाच्या कडा धूसर होतात. दिवाळी अंकांची छपाई ज्या दिवसांत गर्दीने चालते, ते नेमके पावसाळ्याचे आणि त्याच्या शेवटाचे दिवस असतात, हे कामाची तारीख ठरवताना ध्यानात घ्यावं.

मग वेगवेगळ्या यंत्रांनी एकच रंग बोलायचा कसा? पूर्वी गावोगावचा शेर वेगळा असे आणि व्यवहार करायचा तर कोणत्या गावचा शेर हे आधी सांगावं लागे. रंगाच्या आकड्यांचं तसंच आहे. ‘लाल 200’ या आकड्याला तो कोणत्या यंत्राचा हे कळल्याशिवाय अर्थ नाही. ते सांगणारी नोंद म्हणजे प्रोफाइल. माणसाच्या डोळ्याला रंग कसा दिसतो याचं मोजमाप 1931 साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने बसवलं आणि 1976 साली त्यातून लॅब ही पद्धत आली. 1993 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने त्या पायावर प्रोफाइलचा एकच नमुना ठरवला. कॅमेऱ्याचा आकडा आधी लॅबमध्ये आणि लॅबमधून छपाईच्या आकड्यांत नेला जातो.

प्रोफाइल जोडणं आणि प्रोफाइलमध्ये रूपांतर करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जोडताना आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. रूपांतर करताना रंग शक्यतो तोच ठेवून आकडे बदलतात. एकाच्या जागी दुसरी क्रिया झाली की फोटो क्षणात बिघडतो. दुसरी सर्रास दिसणारी गोष्ट अशी की आपल्याकडच्या कितीतरी फाइलींत छपाईचं प्रोफाइल अमेरिकन मासिकांच्या वेब ऑफसेट छपाईचं असतं. ते कुणी निवडलेलं नसतं. फोटोशॉप बसवताना जे आपोआप येतं ते तसंच राहतं. नाशिकच्या शीट-फेड मशीनवर आर्ट पेपर छापायचा आणि फाइल अमेरिकन मासिकासाठी विभागलेली, अशा स्थितीत रंग जुळला तर तो निव्वळ योगायोग. आर्ट पेपरसाठी जर्मनीतल्या फोग्रा संस्थेच्या मोजमापांवर आधारलेली प्रोफाइल, जुनं फोग्रा 39 किंवा त्यानंतरचं फोग्रा 51, हा सुरुवातीचा चांगला आधार आहे. फाळके 1909 साली ज्या देशातून रंगाचं तंत्र आणायला गेले, तिथलीच मोजमापं आज एका क्लिकवर मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे आपल्या छापखान्याने स्वतःच्या मशीनचं, नेहमीच्या कागदाचं मोजमाप करून घ्यावं आणि ते प्रोफाइल छायाचित्रकारांना द्यावं.

कागद बदलला की सगळं बदलतं. आर्ट पेपरवर इंचाला 150 ते 175 रेषांची जाळी चालते, वृत्तपत्रावर साधारण 100. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो, त्यामुळे फाइलमधला 50 टक्क्यांचा टिंब छापल्यावर 75 टक्क्यांसारखा दिसतो. ‘गावकरी’ किंवा ‘देशदूत’मध्ये छापायचा फोटो आणि त्याच प्रसंगाचा स्मरणिकेतला फोटो यांची सीएमवायके फाइल एक असूच शकत नाही. म्हणून मूळ फाइल नेहमी आरजीबीत जपून ठेवावी आणि प्रत्येक कागदासाठी अगदी शेवटी वेगळी प्रत काढावी. एकदा सीएमवायकेत टाकलेले रंग परत मिळत नाहीत.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग प्रूफावर आहे, कारण सगळी तयारी तिथे पणाला लागते. पहिलं प्रूफ पडद्यावरचं. त्यासाठी आधी पडदा मोजून घ्यावा लागतो. मोजणारं छोटं यंत्र पडद्यावर लटकवून उजेड 80 ते 120 कँडेला, गॅमा 2.2 असा बसवायचा आणि महिन्यातून एकदा पुन्हा तपासायचा. मोबाइल-लॅपटॉपवरचं रात्रीचं पिवळं दिसणं आणि आपोआप कमी-जास्त होणारा उजेड बंद करायचा. खोलीच्या भिंती फिक्या राखाडी असाव्यात, भगवी किंवा हिरवी भिंत डोळ्याला फसवते. मग छपाईचं प्रोफाइल आणि कागदाचा पांढरेपणा लावून फोटो पाहायचा. तो एकदम मळका दिसतो, आणि बहुतेक जण घाबरून ही सोय बंद करतात. तसं करू नये. पडद्यावरचं बाकी सगळं झाकून डोळा त्या पांढऱ्याला सरावू द्यावा. कागदावर काय येणार आहे हे दाखवणारी ती एकमेव खिडकी आहे, आणि वाईट बातमी छपाईआधी कळलेली बरी.

दुसरं प्रूफ कागदावरचं. ऑफिसच्या लेझर प्रिंटरवरची प्रत मजकूर वाचायला ठीक, रंगासाठी तिचा आधार घेऊ नये. रंगाचं प्रूफ म्हणजे मोजमाप केलेल्या इंकजेटवर, छपाईच्या परिस्थितीची नक्कल करून काढलेली प्रत. तिच्या कडेला रंगांच्या चौकोनांची पट्टी असते. ती यंत्राने मोजून आंतरराष्ट्रीय मानकाशी, आयएसओ 12647 च्या सातव्या भागाशी, ताडतात. सरासरी फरक अडीच-तीन एककांच्या आत असेल तरच ते प्रूफ म्हणायचं. पाहायचं ते 5000 केल्व्हिनच्या प्रमाणित उजेडात. दुकानातल्या एलईडीखाली जुळलेले दोन रंग दिवसाच्या प्रकाशात वेगळे पडू शकतात, कारण साडीचा रंग आणि छपाईची शाई हे निराळे पदार्थ आहेत.

या प्रूफावर ग्राहक, छायाचित्रकार आणि छापखाना यांनी सही करायची. सही झालेलं प्रूफ हा तिघांमधला करार आहे. मशीनवरचा माणूस त्याला जुळवून छापेल आणि त्याच्याशी जुळल्यावर कुणी तक्रार करणार नाही, असं त्यात ठरतं. हा करार नसेल तर मशीनमनवर अन्याय होतो. त्याच्या हाती चार शायांचं प्रमाण एवढंच असतं, आणि तेही कागदावरच्या पट्ट्यापट्ट्याने. एका फर्म्यात आठ-सोळा पानं एकत्र छापतात. पान तीनवरचा चेहरा लाल दिसतो म्हणून त्या पट्ट्यातला मॅजेंटा कमी केला, की त्याच रांगेत येणाऱ्या पान चौदावरच्या डाळिंबाचा रंग उडतो. मशीन सुरू झाल्यावर एखाद्या फोटोचा रंग सुधारायला जाणं म्हणजे बाकीच्या फोटोंचे रंग पणाला लावणं. जे करायचं ते प्रूफाच्या टेबलावर. आणि तिथे ‘जरा उठाव द्या’, ‘पंच येत नाही’ असं म्हणून काही साधत नाही. पानावर बाण काढून कोणत्या जागी कोणता रंग कमी की जास्त, हे लिहावं. हिरव्या द्राक्षात मॅजेंटाचे चार टक्के शिरले की घड शिळा दिसतो. ‘द्राक्ष ताजं दिसत नाही’ यापेक्षा ‘द्राक्षातला मॅजेंटा काढा’ ही सूचना छापखान्याला कामाची.

एक गोष्ट तंत्राची नाही तरी ती इथे लिहिणं मला कर्तव्य वाटतं. माणसाच्या कातडीचा रंग. सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या माणसांचे फोटो छापताना ते सवयीने उजळले जातात. कधी कुणी सांगितलं म्हणून, कधी तयार सॉफ्टवेअर आपोआप करतं म्हणून, कधी गडद चेहरा छापताना चिखल होईल या भीतीने. भीती खरी आहे, पण तिचा उपाय वेगळा. सावळ्या कातडीत पिवळा मॅजेंटाइतका किंवा थोडा अधिक ठेवावा, सायनने रंगाला खोली द्यावी, सावलीत तपशील राखावा आणि गालावर-कपाळावर येणारी चमक जपावी. नीट उजेड दिलेला गडद चेहरा साध्या मॅपलिथो कागदावरही सुंदर येतो. माणूस आहे तसा छापणं हा रंगव्यवस्थापनाचा पहिला आणि शेवटचा हेतू आहे. तो सुटला तर बाकीची अचूकता व्यर्थ.

2027 च्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरचे लाखो फोटो निघतील आणि त्यांतून ग्रंथ, विशेषांक, दिनदर्शिका छापल्या जातील. भगवा रंग, गोदावरीचं पाणी, पहाटेचा उजेड, गर्दीतले चेहरे हे सगळं चार शायांच्या अवघड टोकांवरचं आहे. भगव्यात सायन शिरू न देणं, पण वस्त्राची घडी दिसण्यापुरती सावली राखणं, याचा सराव आतापासून करायला हवा. त्या वेळी छापलेली पानं पुढच्या सिंहस्थापर्यंत आणि त्यानंतरही चाळली जाणार आहेत.

पुस्तक तीन भागांत वाचता येईल. पहिला भाग उजेड आणि कॅमेऱ्याचा: राखाडी कार्ड, व्हाइट बॅलन्स, रंगपट्टीचा फोटो, रॉ फाइल. दुसरा संगणकाचा: पडदा, प्रोफाइल, रूपांतर, कागदानुसार फाइल. तिसरा प्रूफ आणि मशीनचा: सही, छपाईतली पहिली मंजूर शीट, वाळल्यावर शाईचा उतरणारा रंग, लॅमिनेशनने होणारा फरक. लग्नाचे अल्बम फोटोपेपरच्या लॅबमध्ये होतात तेव्हा त्यांना बहुधा एसआरजीबीच लागतं, सीएमवायके नव्हे, म्हणून त्यांचं प्रकरण वेगळं ठेवलं आहे. ज्यांच्याकडे मोजणारं यंत्र घ्यायला पैसे नाहीत, त्यांनी चार-पाच जणांत मिळून एक घ्यावं. महिन्यातून एकदाच लागणाऱ्या यंत्राची मालकी वाटून घेता येते, आणि एका फसलेल्या छपाईच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

छापखान्यांनाही एक विनंती आहे. छायाचित्रकार मशीनपाशी आला तर त्याला अडवू नका. आपली जाळी, आपला कागद, आपली शाईची मर्यादा एका पानावर लिहून दारात लावा. ज्यांना ही माहिती मागावी लागते ते बहुतेक वेळा मागत नाहीत.

आणि छायाचित्रकारांना सांगणं एवढंच. पुढच्या कामाचं प्रूफ हातात आलं की त्याच्या समासात कागदाचं नाव आणि जीएसएम, प्रोफाइलचं नाव, लॅमिनेशन कोणतं, आणि तारीख लिहा. ते खिडकीपाशी न पाहता प्रमाणित उजेडात पाहा. जिथे पटत नाही तिथे बाण काढा, दुसरं प्रूफ मागा, त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. ती वस्तू तुम्ही पाहिली आहे, तिचा रंग कसा होता हे तुम्हाला ठाऊक आहे. तो पटेपर्यंत सही करू नका.

नाशिक